काशींत उतरावें कोठें?

यात्रेस निघतांना घरोघरीं सामानाची चर्चा आठ दिवस चालते. परंतु उतरावयाचें कोठें, हा प्रश्न बहुधा शेवटच्या घटकेस, आणि तोहि केवळ भाड्याच्या आंकड्यावरून सुटतो. इतर नगरांत हें एक वेळ चालून जाईल. काशींत मात्र मुक्कामाच्या मोहल्ल्यावरच कोणास काय पाहावयास मिळणार हें ठरतें; आणि मंडळींत आजीबाई असतील, तर त्यांचें काय राहून जाणार, हेंहि तेथेंच ठरतें.

काशीची ठेवण प्रथम ध्यानीं घ्यावी. गंगा येथें उत्तरवाहिनी असून जुनें नगर तिच्या पश्चिम तीरावर वसलें आहे. त्यामुळें घाट पूर्वाभिमुख आहेत व सूर्योदय पात्रापलीकडे अगदीं समोर दिसतो. दक्षिणेस अस्सीपासून उत्तरेस राजघाटापर्यंत घाटांची ही रांग सहा-सात किलोमीटर लांब आहे. जुन्या वस्तींतील गल्ल्या इतक्या अरुंद कीं मोटार दारापर्यंत येत नाहीं.

आम्हीं निरनिराळ्या वेळीं चार ठिकाणीं मुक्काम केला. छावणीचा भाग प्रशस्त व शांत आहे. रेल्वे जवळ आणि सारनाथहि सोयीचें. परंतु गंगा तेथून चार-पांच किलोमीटर दूर. पहाटेच्या स्नानास रोज एवढें अंतर जाण्याचा उत्साह दुसऱ्या दिवशींच ओसरतो.

याच्या उलट दशाश्वमेध म्हणजे काशीचें हृदय. सायंकाळची गंगारती तेथेंच, आणि अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं पुन्हां उभारलेलें विश्वनाथाचें मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. २०२१ सालीं मंदिरापासून घाटापर्यंत रुंद मार्ग खुला झाल्यानें दर्शन सोपें झालें आहे. गर्दी मात्र अहोरात्र. तरुणांस ती आनंदाची वाटते, पण हलकी झोप असणारांस जाचते.

मराठी मनास सर्वांत जवळचा मोहल्ला ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा यांचा. दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती येथें पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नाथांनीं आपलें भागवत १५७३ सालीं वाराणसींतच पुरें केलें. १६७४ सालीं शिवरायांस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, आणि त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. कार्तिकांत पंचगंगेवर उंच वेळूंच्या टोंकांस आकाशदीप लागतात, ती शोभा विसरतां येत नाहीं. परंतु येथील पायऱ्या फार उभ्या आहेत. उतरणें कसेंबसें साधतें. ओलेत्यानें वर चढतांना वृद्धांचा कस लागतो.

राहिला अस्सी. येथें रस्ता घाटाच्या पुष्कळ जवळ येतो आणि घाटहि ऐसपैस आहे. २०१४ पासून तेथें पहाटे आरती व गायन-वादन होत असतें. तुलसीघाट लगतच, भदैनींत राणी लक्ष्मीबाईचें जन्मस्थान, आणि १९१६ सालीं स्थापन झालेलें हिंदु विश्वविद्यालयहि फार दूर नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, एकत्र कुटुंबानें अस्सीस उतरावें. एक दिवस पहाटे नाव ठरवून सर्वांनीं मिळून पंचगंगेपर्यंत जावें. म्हणजे आजीबाईंस एकहि उभी पायरी न चढतां सारे घाट घडतात. तरुणांनीं मग हवें तर गल्ल्यांतून मनसोक्त पायीं हिंडावें. पावसाळा मात्र टाळावा. गंगा चढली म्हणजे पायऱ्या पाण्याखालीं जातात व नावा बंद होतात.

ज्यांना काशी एकदांच घडावयाची, त्यांच्या पायांनीं मुक्काम निवडावा. खोली ठरवितांना भाड्याच्या आधीं दोन प्रश्न विचारावे: मोटार थांबते तेथून दारापर्यंत चालणें किती, आणि दारापासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती?