कससची विसावी आयत

सूरे कससची 20 वी आयत आणि सूरे यासीनची 20 वी आयत. दोन्हीकडे शहराच्या पार टोकाकडून एक माणूस धावत येतो. कससमध्ये तो मूसा अलैहिस्सलामना सावध करायला येतो, यासीनमध्ये आपल्या लोकांना समजवायला. शब्द तेच आहेत. फक्त कससमध्ये माणूस आधी येतो आणि शहराचं टोक मागून. यासीनमध्ये टोक आधी, माणूस मागून. यासीन घराघरांत पढली जाते, मय्यत झाली की तर हमखास. तिची चाल लहानपणापासून माझ्या कानात मुरलेली. कसस मी चाळिशीत पाठ केली. कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी विसाव्यात तो माणूस धावू लागला की जीभ यासीनची वाट धरते, आणि भानावर येतो तेव्हा मी बाविसाव्या पाऱ्याच्या अखेरीला पोहोचलेला असतो.

कुरआन पाठ असलेल्या हाफिज मंडळींना मुतशाबिहातचं, म्हणजे एकमेकींसारख्या आयतींचं, हे दुखणं सांगायला नको. पहिल्या पाऱ्यात दगडातून बारा झरे फुटतात, नवव्या पाऱ्यात तेच झरे पुन्हा फुटतात, आणि फुटण्याचं क्रियापद मात्र बदललेलं असतं. तिथंच वस्तीत शिरायचा हुकूम आहे. बकरामध्ये दारातून झुकून शिरणं आधी, माफीचा बोल नंतर; आराफमध्ये उलट. दमिश्कच्या अलमुद्दीन सखावींनी (मृत्यू 1245) अशा जागा लक्षात राहाव्यात म्हणून चक्क पद्यात बांधून ठेवल्या. सखावींसारख्या माणसालाही हे करावंसं वाटलं, याचा मला फार आधार वाटतो.

चूक होते ती अडखळून होत नाही, हीच खरी अडचण. अडखळलं तर माणूस थांबतो, मागे जातो. मुतशाबिहातमध्ये घसरलेली जीभ कुरआनच्याच दुसऱ्या आयतीवर जाते, ती आयतही बरोबरच असते, आवाजही साफ लागतो. म्हणून एकट्यानं पढणाऱ्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही. त्यासाठी दुसरा कान लागतो. माझा दुसरा कान गेल्या थंडीत गेला.

ते आमच्या मोहल्ल्यातले चाचा. लहानपणी मदरशात हिफ्ज, म्हणजे कुरआन पाठ, केलेले, आयुष्यभर किराणा विकला. पहाटेच्या फजरनंतर आमचा दौर, म्हणजे उजळणी, चालायचा, मी पढायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. चूक झाली की शब्द सांगायचे नाहीत. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख चटईवर एकदा वाजवायचे, टक्. मी मागे जायचो, पुन्हा तिथंच घसरायचो, पुन्हा टक्. कधी कधी त्या एका जागेपायी चहा निवून जायचा. मी वैतागून म्हणायचो, "चाचा, सांगा की आता." ते म्हणायचे, "मी सांगितलं तर ते माझं राहील. तू शोधलंस तर तुझं होईल." कससपाशी तर नख आधीच तयार असायचं.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, दुकान भोरमध्ये. भोर आणि वेल्ह्यातल्या (आता सरकारी कागदावर राजगड तालुका) विहिरींवरच्या, नदीकाठच्या मोटारी उन्हाळ्यात जळतात. भाताची लावणी सुरू झाली की काम ओसरतं. माझं नवं सबक, म्हणजे नवा पाठ, बहुतेक पावसाळ्यातच झालं. जुनी मंझिल, म्हणजे झालेल्या पाठाची फेरी, मात्र बारा महिने, रस्त्यावर. नसरापूर सोडलं की एक पारा सुरू करायचा, गाडी बेताची ठेवली तर मार्गासनीच्या आसपास तो संपतो. दुकानात स्लॉटमध्ये कागद भरताना पढता येतं, कॉईलचे वेढे मोजताना नाही. हे लवकर कळलं ते बरं झालं, नाहीतर मोटारही गेली असती आणि पाराही.

मोठेपणी हिफ्ज करणारा अर्थाच्या दारातून येतो. मीही तसाच आलो. आधी मराठी तर्जुमा वाचला, मग उर्दू, मग अरबी अक्षरांवर बोट ठेवून मूळ. विनोबांची मला याबाबत आठवण येते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि त्यातून 'कुरआन-सार' निवडलं. त्यांना सार हवं होतं, ते त्यांना मिळालं. पण हिफ्जला सार चालत नाही, 'आणि' असेल तिथं 'आणि'च लागतो. चाचांना अरबीचा अर्थ फारसा येत नव्हता आणि कससमध्ये ते कधीच चुकले नाहीत. मला अर्थ येतो म्हणूनच मी चुकतो. माणूस धावत आला, एवढं मनाला पुरतं. तो वाक्यात आधी आला की नंतर, याची मनाला फिकीर नसते.

सगळीकडे असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. गरिबीपायी मुलांना मारू नका, हा हुकूम सूरे अनआममध्ये आहे आणि बनी इस्राईलमध्येही. पहिल्या ठिकाणी गरिबी घरात आलेलीच आहे, म्हणून रोजी देण्याचं वचन आधी आईबापांना आणि मग मुलांना. दुसऱ्या ठिकाणी गरिबी येईल ही नुसती भीती आहे, म्हणून वचन आधी मुलांना. हे उमगलं त्या दिवसापासून ती जागा माझ्या हातून सुटलेली नाही. तेव्हापासून कससच्या आयतीतही असं कारण मी शोधतो आहे. तफसीरवाल्यांनी कारणं दिली आहेत, ती वाचली, पटलीही. पण गाडीवर, आंबवण्याच्या आसपास, विसावा पारा रंगात असताना ती कारणं हाताशी येत नाहीत.

हल्ली भिंतीवर फलक दिसतात, इतक्या महिन्यांत हाफिज व्हा. मुसाबक्यात, म्हणजे पाठांतराच्या स्पर्धेत, ढाली मिळतात, मुलाचा फोटो छापून येतो. मुलं हुशार आहेत, पाठ करतातही. पण पाठ करण्याचं बक्षीस असतं, पाठ ठेवण्याचं नसतं. बांधलेला उंट सुटतो त्याहून लवकर कुरआन सुटतो, असं हदीसमध्ये बजावून ठेवलं आहे; ढाल घेतल्यावर दहा वर्षांनी त्या मुलाकडून कोणी एक पारा ऐकून घेतो का? काही ठिकाणी रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज इतकी धावते की मागे उभा असलेला माणूस आयत संपली कधी हेही सांगू शकत नाही. मला ते सहन होत नाही. आणि फोनवरची ती नवी सोय, जी आपलं पढणं ऐकते आणि चुकलेला शब्द लगेच लाल करून दाखवते! वापरून पाहिली. चूक अचूक पकडते. पण लगेच दाखवते, म्हणून ती दुरुस्ती दुसऱ्या दिवशी उरत नाही. चाचांच्या नखानं जे रुजवलं ते रुजलं.

एक कबूल करतो. लोकांनी 'हाफिजजी' म्हटलेलं मला आवडतं. लहानपणी झालेल्या हाफिजांपेक्षा मला ते जास्त आवडतं, कारण मी ते पोट भरता भरता मिळवलं. तरावीहमध्ये सामे, म्हणजे इमामाचं पढणं ऐकून चूक सावरणारा, म्हणून पहिल्या सफमध्ये उभा असताना एखादा तरुण इमाम अडला आणि माझा लुकमा, म्हणजे मागून सुचवलेला शब्द, त्याला लागू पडला, की छाती भरून येते. नमाजीतला तो क्षण अल्लाहसमोर असायला हवा, पण त्यात मी असतो. चाचा हयात असताना घरी येऊन त्यांना सांगायचो, आज अमुक जागी मी सावरलं. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "आणि कसस?"

वेल्ह्याच्या बाजूला एका विहिरीवर नेहमी जातो, तिथले शेतकरी माळकरी आहेत. त्यांना हरिपाठ मुखोद्गत. ते म्हणाले, "आम्ही एकटे म्हणतच नाही हो. चुकलं तर शेजारच्याचा सूर ओढून नेतो." मला त्यांचा हेवा वाटला. आमच्याकडे इमाम एकटा पढतो, मागचे सगळे गप्प. तिथं एकच माणूस बोलू शकतो, सामे.

आणि यंदा त्याच बाजूच्या एका छोट्या जमातीनं मला तरावीहला इमाम म्हणून बोलावलं आहे. जायची इच्छा आहे, लपवत नाही. रोज पारा-सव्वा पारा, सत्ताविसाव्या रात्री खत्म. मी अट घातली, सामे द्या. त्यांच्याकडे कोणी नाही. शेवटी माझा भाचा तयार झाला. पुण्यात शिकतो, बाराव्या वर्षी हिफ्ज केलेलं, मधली काही वर्षं सोडून दिलेलं, पण कान शाबूत आहे. त्याला सांगितलं, नमाजीत अडलो तर लगेच लुकमा दे, तिथं थांबायचं नाही. पण सकाळच्या दौरमध्ये शब्द सांगायचा नाही, नुसती खूण कर.

पहिल्या सकाळी तो कुरआन मिटून बसला आणि मी कसस सुरू केली. विसाव्या आयतीला त्यानं चटईवर बोट आपटलं, आणि मी मागे जायच्या आत तोंडानं शब्दही सांगून टाकला. "मामू, गप्प बसवत नाही," म्हणाला, "शब्द तोंडातच येतो." मी म्हटलं, मग तुलाही शिकावं लागेल. रमजानला अजून वेळ आहे. उद्या पुन्हा फजरनंतर, विसावा पारा, सुरुवातीपासून.