केडगावात चालायला ये

केडगाव, ता. दौंड

प्रिय मैत्रिणी,

इंग्लंडातल्या न्यूलिनहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. कोळ्यांच्या त्या गावात एका माहितगार बाईंनी तुम्हाला गल्लीबोळांतून हिंडवलं आणि १८८०च्या दशकात चित्रकार कुठे राहत, कुठे बसून रंगवत, ते दाखवलं. अगं, त्याच दशकात आपल्या पंडिता रमाबाई इंग्लंडात शिकत होत्या!

मग गेल्या रविवारी भाचरांना घेऊन मीही फेरी काढली. स्टेशनावरून निघालो ते रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या कुंपणालगत थांबलो. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना या गावाने आसरा दिला. बाबांच्या छापखान्यातले चार खिळे मी पिशवीत घेतले होते. त्यातला उलटा ‘क’ बघून धाकटी गोंधळली. तिला सांगितलं, असा एकेक खिळा वेचायचा, काना-वेलांटी सांभाळत ओळ जुळवायची, छापून झालं की सगळे खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात ठेवायचे. इथल्या बायका हे शिकल्या आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं अख्खं बायबल त्यांनी छापलं. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. धाकटीने तो ‘क’ घरी येईपर्यंत मुठीत धरला होता.

तिथून रिक्षाने चौफुल्याला गेलो. तिथली लावणीची कलाकेंद्रं सकाळी निवांत असतात. एका ओसरीवर वयस्क बाई चाळाचे सुटलेले घुंगरू दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. संगीत बारीत वगनाट्य नसतं, सगळी मदार लावणीवर आणि अदाकारीवर, हे त्यांनीच मुलांना समजावलं. मुलं मांडी घालून ऐकत राहिली.

आपल्याकडे पाहुण्यांना देऊळ दाखवतात, वाडा दाखवतात. बायकांच्या हातापायांनी घडवलेली कला दाखवायला कुणी नेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुस्तकांचं गाव झालेल्या भिलारला २०१७पासून लोक पुस्तकांसाठी घरोघर हिंडतात. मग केडगावला खिळ्यांसाठी आणि घुंगरांसाठी का येऊ नयेत? शाळेतल्या मोठ्या मुलींना वाट दाखवायला शिकवायचं मी मनावर घेतलंय.

डिसेंबरात येशील तेव्हा पुण्याहून गाडी करू नकोस. दौंडची लोकल धर, केडगावला उतर. चपला चालायच्या घाल. मी फलाटावर उभी असेन.

तुझीच,
केडगावची मैत्रीण