आईला विचारले तेव्हा
देऊळगाव राजातील बालाजी मंदिराच्या नित्याच्या वाटेवर आई दोनदा थांबू लागली. ती धाप आम्ही वयावर ढकलली. इकोमध्ये मात्र महाधमनीची झडप कठीण होऊन अरुंद झालेली दिसली. औषधाने ती उघडणार नव्हती. छातीचे हाड कापून झडप बदलणे, अथवा जांघेतील धमनीतून नळीद्वारे नवी झडप नेऊन जुनीच्या आतच बसवणे. सीटी स्कॅननुसार दोन्ही शक्य होते. नळीद्वारे झडप बसवण्याची पद्धत फ्रान्सच्या डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये प्रथम रुग्णावर यशस्वी केली. तीत माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण खर्च मोठा, शिवाय कधी पेसमेकरही लागतो. आम्ही भावंडे पैशांचाच हिशेब करीत होतो. ७८ वर्षांच्या आईने डॉक्टरांना विचारले, “अंथरुणावर किती दिवस?” उत्तर ऐकून तिने जांघेची वाट निवडली. तोवर तिचे मत विचारणे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते.