भरतीच्या वेळेचं ऑम्लेट

फ्रान्समध्ये नॉर्मंडी आणि ब्रिटनी हे दोन प्रांत जिथे भेटतात, तिथे समुद्रात एक खडक उभा आहे. त्याचं नाव मों-सां-मिशेल. माथ्यावर हजार वर्षांचा जुना मठ, खाली एकच चिंचोळी चढती गल्ली आणि भोवती वाळूच वाळू. हे बेट आहे नॉर्मंडीत; पण खरं कोणाचं, यावरून दोन्हीकडचे लोक अजून एकमेकांना चिडवतात. आपल्या बेळगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

ऑफिसच्या कामासाठी मी काही महिने रेन शहरात होतो. तिथून हे बेट बसने साधारण सव्वा तासावर. गाड्या अडीच किलोमीटर अलीकडेच थांबवतात. पुढे मोफत बस आहे, पण २०१४ साली खुल्या झालेल्या पुलावरून चालत जाण्यात खरी मजा. ओहोटीला दोन्ही बाजूंना ओली, चमकणारी वाळू दिसते. भरती आणि ओहोटीच्या पातळीत इथे १४ मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे जवळजवळ चार मजली इमारतीएवढा!

१८७९ साली पक्का रस्ता झाला. त्याआधी यात्रेकरू ओहोटी साधून वाळू तुडवत यायचे. कोण कधी पोचेल याचा नेम नसायचा, आणि येणारा भुकेला असायचा. मठाच्या दुरुस्तीसाठी आलेल्या एदुआर कोरोयेर या वास्तुविशारदाच्या घरी आनेत नावाची मुलगी कामाला होती. तिने गावातल्या बेकरीवाल्याच्या मुलाशी, व्हिक्तोर पुलारशी लग्न केलं आणि १८८८ साली दोघांनी खानावळ काढली. बाकीचं जेवण तयार होईपर्यंत पाहुण्यापुढे काय ठेवायचं? अंडी, लोणी आणि पेटती चूल तर हाताशी असतेच. तिचं ऑम्लेट असं प्रसिद्ध झालं.

गल्लीच्या तोंडाशीच ‘ला मेर पुलार’ आहे. तांब्याच्या भांड्यात अंडी फेटण्याचा ठेका ढोलकीसारखा बाहेरपर्यंत ऐकू येतो. लांब दांड्याचे तवे लाकडाच्या जाळावर धरलेले असतात. ऑम्लेट फुगून उशीसारखं होतं, आत नुसता फेस. लोक दाराशी थांबून बघत राहतात.

रेनला परतल्यावर सहकाऱ्याला हे कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, “ते तिथलं. आमच्या घरचं वेगळं.” आणि एका संध्याकाळी त्याने जेवायला बोलावलं. हो, जेवायला! आपल्याकडे ऑम्लेट म्हणजे नाश्ता. तिथे ते हिरव्या सॅलडबरोबर आणि पावाबरोबर रात्रीचं जेवणही होतं. त्याचं ऑम्लेट फिकट पिवळं, गुंडाळलेलं, डाग नसलेलं आणि आत मऊ, ओलसर होतं. या ओलसरपणाला ते ‘बावोझ’ म्हणतात. थोर आचारी एस्कोफिए यांच्या मते ऑम्लेट म्हणजे अंड्याच्याच पापुद्र्यात बांधलेली मऊ भुर्जी. ते वाक्य मला त्या ताटात समजलं.

घरी करायचं तर तीन अंडी, चमचाभर लोणी आणि २० सेंटीमीटरचा, काठ असलेला नॉनस्टिक पॅन. डोशाचा सपाट तवा नको. अंडी काट्याने फेटा, पण फेस काढू नका. आपलं बटर बहुतेक खारट असतं, तेव्हा मीठ चिमूटभरच. मध्यम आचेवर लोणी फसफसलं पाहिजे, लाल होता कामा नये. अंडी ओतली की एका हाताने पॅन हलवत, दुसऱ्या हाताने लाकडी चमच्याने सतत ढवळा. सैलसर शिऱ्यासारखं दिसू लागलं की थांबा, सारखं पसरा, आच बंद करा. दहा सेकंदांनी पॅन तिरपा धरून कडेपासून गुंडाळा आणि ताटलीत उलटं करा. सगळा खेळ मिनिटभराचा. खाणाऱ्याला आधीच पानावर बसवा. ऑम्लेट कोणासाठी थांबत नाही.

आमच्या आईला डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली आहेत, पण तिला अंड्याचा वशट वास सोसत नाही आणि नव्या कवळीने चिवट ऑम्लेट चावतही नाही. हे ऑम्लेट करपत नाही, त्यामुळे वास कमी आणि चावायचा त्रास नाही. तिच्यासाठी मात्र मी आतला ओलसरपणा ठेवत नाही. वयस्कर माणसाला कच्चट अंडं नको, म्हणून गुंडाळण्याआधी मंद आचेवर झाकण ठेवून ते आतपर्यंत शिजू देतो. तरी ते मऊच राहतं. कोथिंबीर ती वरून घालून घेते. फ्रेंच माणसाला ते चालेल की नाही ठाऊक नाही, पण ताटली रिकामी होते.