कळंबोलीची शिदोरी

शीव-पनवेल महामार्गाने पुण्याकडे जाताना आपण कळंबोलीच्या चौकातून अनेकदा गेला असाल. मोटारीच्या काचा वर असतात, द्रुतगती मार्गाला लागण्याची घाई असते, आणि कडेला उभ्या असलेल्या ट्रक-ट्रेलरच्या रांगांकडे आपले लक्ष जाते ते वाटेतली अडचण म्हणूनच. माझा दवाखाना येथून जवळ आहे. तरी पंचवीस वर्षे मीही याहून वेगळे काही पाहिले नव्हते. गेल्या आश्विनात एका संध्याकाळी मात्र मी तेथे मुद्दाम पायी गेलो. निमित्त एका सहीचे होते.

माझे एक रुग्ण आहेत, वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मूळचे पाथर्डीकडचे, राहायला कामोठ्यात. तीस वर्षे ट्रक आणि आता ट्रेलर चालवतात. आठ वर्षांपासून मधुमेह आहे. व्यावसायिक वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टरने ‘फॉर्म १-ए’ हे प्रमाणपत्र भरून द्यावे लागते. दृष्टी, कान, हातपाय तपासून अर्जदार गाडी चालवण्यास योग्य आहे, असे त्यात लिहून द्यायचे असते. अण्णांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्यांचा क्लीनर सोबत होता आणि तो गप्प राहायला तयार नव्हता.

“डॉक्टरसाहेब, परवा अण्णा वळण चुकले,” तो म्हणाला.

झाले होते ते असे. बंदराबाहेरची रांग पहाटेपासून हललेली नव्हती. आदल्या रात्रीचा डबा संपलेला, आणि रांग कधी सुटेल याचा नेम नसल्याने गाडी सोडून जेवायला जाता येत नव्हते. अण्णांनी आठच्या ठोक्याला मधुमेहाची गोळी घेतली, वर चहा आणि दोन बिस्किटे. साडेअकराला कंटेनर उतरवून ते रिकामा ट्रेलर घेऊन परत निघाले. गव्हाण फाट्याच्या सुमारास ते विनाकारण क्लीनरवर खेकसू लागले, नेहमीचे वळण सोडून सरळ गेले, सदरा घामाने चिंब झाला. पोराने प्रसंगावधान राखून गाडी कडेला घ्यायला लावली आणि टपरीवरून दोन चमचे साखर जास्त घातलेला चहा आणून पाजला. दहा-पंधरा मिनिटांनी अण्णांनी विचारले, “आपण इथं का थांबलोय?”

कोणाला इजा झाली नाही. पण चाळीस फुटी ट्रेलर होता आणि रस्ता भर दुपारचा.

“गोळी मी एक दिवस चुकवली नाही,” अण्णा मला सांगत होते. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. त्यांनी खिशातून माझीच चिठ्ठी काढली. तीवर माझ्या अक्षरात लिहिले होते: सकाळी ८. जेवणाचा उल्लेखच नव्हता. माझ्या मनात तो गृहीत होता. सकाळी आठला माणूस नाश्ता करतो, असे दवाखान्यात बसलेल्या मला वाटत होते.

त्या दिवशी मी सही केली नाही. तीन आठवडे गाडीवर जाऊ नका, असे सांगितले. त्याचा अर्थ तीन आठवडे कमाई नाही, हे मला कळत होते आणि बाजूला बसलेल्या वहिनींना माझ्यापेक्षा अधिक कळत होते. त्या काही बोलल्या नाहीत. गोळी बदलली, साखर तपासून वहीत लिहायला सांगितले. मात्र हा गृहस्थ नेमके काय, कोठे आणि केव्हा खातो याची मला कल्पनाच नव्हती. म्हणून मी कळंबोलीला गेलो.

शीवहून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, जुना पुणे रस्ता, द्रुतगती मार्ग आणि उरणच्या बंदराकडे जाणारा रस्ता असे पाच रस्ते येथे एकत्र येतात. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबईतील लोखंडाचा व्यापार हलवण्यासाठी सिडकोने येथे पोलाद बाजार वसवला. २००२ मध्ये पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाशीचा घाऊक बाजारही फार दूर नाही. त्यामुळे आपल्या घरातील खिळ्यापासून कांद्यापर्यंत कितीतरी वस्तू कधी ना कधी या परिसरातून गेलेल्या असतात, आणि त्या आणणारा माणूस येथे कोठेतरी दोन चाकांच्या मध्ये पाठ टेकतो.

त्या संध्याकाळी हवेत डिझेल, गंजलेले लोखंड आणि फोडणीचा लसूण यांचा वास एकत्र होता. दोन ट्रेलरच्या मधल्या अरुंद जागेत एक राजस्थानी चालक परातीत कणीक मळत होता. शेजारी लहान सिलिंडरच्या शेगडीवर डाळ शिजत होती. पलीकडे बिहारचे दोघे लोट्यात सातूचे पीठ कालवत होते. त्यात पाणी, चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू. भाजलेल्या हरभऱ्याचे हे पीठ पोटभरीचे असते, त्यात प्रथिने आणि चोथा भरपूर असतो आणि शिजवण्याची गरज नसते. मीठ हात राखून घातले तर मधुमेही माणसाला याहून सोयीचे खाणे रस्त्यावर मिळणे कठीण.

मी एकेकाला विचारत गेलो, “जेवता केव्हा?” उत्तर जवळजवळ एकच मिळाले: गाडी थांबली की. गाडी थांबते ती माल भरताना, बंदराच्या दारात, किंवा शहरात अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत. चालकाला आठ तासांहून अधिक काम देऊ नये, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच म्हटले होते. मी हे सांगितल्यावर ते दोघे बिहारी चालक सभ्यपणे हसले.

मग धाब्यावर बसलो. येथे धाब्याला नावे ठेवण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. डाळ आहे, अंडी आहेत, कांदा-काकडी आहे, दही आहे. बिघडते ते वरच्या तडक्याने, लोणचे-पापडाने आणि मैदा मिसळलेल्या तंदुरी रोटीने. मी साधी डाळ, तव्यावरची चपाती, दोन उकडलेली अंडी आणि बिनमिठाचे दही मागितले. मालकाने “पेशंट आहात का?” एवढेच विचारले आणि सगळे आणून दिले. मागितले तर मिळते. मागत कोणी नाही, कारण दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला काहीतरी चमचमीत हवे असते. हेही समजून घेतले पाहिजे.

पाण्याची गोष्ट वेगळीच. उन्हाने तापलेल्या केबिनमध्ये बसूनही बहुतेक जण दिवसभर अगदी बेताने पाणी पितात, कारण लघवीसाठी गाडी थांबवायला जागा नसते. मूतखडा घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत चालक इतके का असतात, हे मला त्या संध्याकाळी नीट उमगले.

आता आपण विचाराल, आमच्या घरात कोणी ट्रक चालवत नाही, मग हे आम्हाला कशासाठी? त्याच महिन्यात खारघरच्या एका ब्याऐंशी वर्षांच्या आजींना पाहायला मी गेलो होतो. परदेशातला मुलगा रोज सकाळी आठला फोन करून विचारतो, “आई, गोळी घेतलीस?” आई प्रामाणिकपणे घेते. मग स्नान, पूजा, फुले, पोथी, नाश्ता साडेदहाला. कित्येक दिवस आजी दहाच्या सुमारास असंबद्ध बोलत, देवघरातच बसून राहत, आणि सांभाळणारी बाई म्हणे की वय झाले आता. मी बोटाची साखर पाहिली तर ५४. गोळी अण्णांचीच होती. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीही त्या कमीच पीत असत.

मधुमेहाच्या सर्वच गोळ्या असे करत नाहीत. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा इतकी उतरत नाही. परंतु ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. वय वाढले, मूत्रपिंडाचे काम मंदावले, की औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे हाताचा कंप आणि छातीतील धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. म्हणून म्हातारा माणूस अवेळी घामाघूम झाला, चिडला किंवा गोंधळला, तर वयाला दोष देण्यापूर्वी साखर तपासावी. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सुधारल्यावर पोळी किंवा भात द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. घरातील कोणी वाहन चालवत असेल आणि अशी औषधे घेत असेल, तर निघण्यापूर्वी साखर ९० च्या वर हवी. वाटेत उतरलीच तर गाडी थांबवावी, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास चाक हाती धरू नये.

आपल्या चिठ्ठीवर नुसती वेळ लिहिलेली असेल तर डॉक्टरांना अवश्य विचारा, ही गोळी घड्याळाची की घासाची? थायरॉईडची गोळी घड्याळाची असते, उपाशीपोटी घ्यायची. वर सांगितलेल्या गोळ्या घासाच्या. समोर ताट आले की घ्यायच्या. ताट नसेल तर थांबायचे. उपासाच्या दिवशी काय करायचे, हेही एकादशीच्या आधीच विचारून ठेवा. स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंद करू नका.

अण्णांच्या घरी आम्ही हे असे बसवले. वहिनींनी प्रवासाचे जुने पदार्थ पुन्हा काढले: दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेथीचे धपाटे. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आपले आजे-पणजे बैलगाडीने निघत तेव्हा हीच शिदोरी असे. शिवाय केबिनमध्ये फुटाण्याची पुडी, दोन पेरू आणि पाण्याची मोठी बाटली. ग्लुकोजची पुडी मात्र चालकाच्या खिशात न ठेवता क्लीनरच्या खिशात ठेवायची, कारण साखर उतरलेल्या माणसाला ती उतरली आहे हे बहुधा समजत नाही. गोळ्यांची पट्टी पूर्वी सदऱ्याच्या खिशात असे. आता ती डब्यात, सर्वांत वरच्या झाकणाला रबराने लावलेली. जेवायला झाकण उघडेपर्यंत गोळी हाती लागत नाही. ही युक्ती वहिनींची, माझी नव्हे.

तीन आठवड्यांच्या वहीत एकदाही ९० च्या खालचा आकडा नव्हता. मी फॉर्मवर सही केली, आणि दर महिन्याला वही दाखवल्याशिवाय लांबच्या भाड्यावर जायचे नाही, असे ठरले. खारघरच्या आजींची पूजा आता नाश्त्यानंतर होते. पहिले काही दिवस त्यांना ते जड गेले. मुलगा अजून रोज आठला फोन करतो, फक्त विचारतो, “आई, खाल्लेस काय?”

गेल्या आठवड्यात अण्णा इंदूरला गेले. बंदराबाहेर पुन्हा पाच तास रांग होती, असे क्लीनरने परतल्यावर सांगितले. दशम्या इंदूरपर्यंत पुरल्या नाहीत. त्यांतल्या चार त्याने एकट्यानेच खाल्ल्या होत्या.