गाडी कोणाच्या नावावर?

आमच्या मोहल्ल्यात चारचाकी गाड्या आता बऱ्याच झाल्या आहेत. जुम्याच्या नमाजला मशिदीबाहेर उभी असलेली कोणती गाडी कोणाची, हे लहान मुलेही सांगतील. पण कागद मागवले तर वेगळीच नावे निघतील. एक गाडी सौदीत असलेल्या भावाच्या नावावर, एक इंतकाल झालेल्या अब्बांच्या नावावर, आणि दोन-तीन तर ज्यांच्याकडून घेतल्या त्या अकोल्या-अमरावतीच्या माणसांच्याच नावावर अजून आहेत. गाडी चालते, विम्याचा हप्ता दरवर्षी मोबाईलवरून भरला जातो, मग नाव बदलायची घाई कोणाला? ती घाई गाडी चोरीला गेल्यावर होते.

गाडीचा विमा उतरवावा की नाही, याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न ज्याने त्याने आलिमांना विचारावा. अपघातात दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा मात्र कायद्यानेच सक्तीचा आहे. आणि ज्यांनी चोरीचाही विमा उतरवला आहे, त्यांचे पैसे वेळेवर का मिळत नाहीत, एवढेच येथे सांगायचे आहे.

उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत असल्याने मोहल्ल्यातले अर्ज आमच्याकडे येतात. फ्रीज-कूलर दुरुस्त करणारे एक शेजारी असेच एका सकाळी आले. गावोगाव जाऊन काम करता यावे म्हणून त्यांनी जुनी गाडी घेतली होती, त्यात बायकोच्या बांगड्याही गेल्या होत्या. शेजारच्या जिल्ह्यात लग्नाला गेले असताना मंगल कार्यालयाबाहेरून ती रातोरात गेली. पोलिसांत तक्रार त्यांनी त्याच रात्री दिली होती. कागद कुठे आहेत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘‘सर, सब कागज तो गाडी में ही हैं.’’

सब म्हणजे खरोखर सब. मूळ आरसी, विम्याची प्रत, आणि विकणाऱ्याने सही करून दिलेले टीटीओचे फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०. ते चौदा महिने डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होते. आरटीओत गेलेच नव्हते. चोराला गाडीबरोबर मालकी बदलण्याच्या सह्याही मिळाल्या.

मोटार वाहन कायद्यात मालक कोण, तर ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, याला तेथे स्थान नाही. विक्री झाली की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमा कंपनीला वेगळे कळवायचे, तेही १४ दिवसांत. येथे बहुतेकांचा एक समज आहे की गाडी घेतली की विमा आपोआप आपल्या नावावर येतो. तो अर्धाच खरा आहे. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा आपोआप पुढे जातो तो थर्ड पार्टीपुरता. स्वतःच्या गाडीची चोरी किंवा मोडतोड यासाठी कंपनीने नवा मालक मान्य करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ या प्रकरणात १९९५ मध्येच सांगितले आहे. नो क्लेम बोनसचेही तसेच. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाच्या बोनसवर सवलत घेऊन भरलेला हप्ता पुढे भांडणाचे कारण होतो.

शेजाऱ्यांना कोणीतरी सोपा रस्ता सांगितला. विकणाऱ्यालाच उभे करा, म्हणा की गाडी माझीच, लग्नाला मीच आलो होतो. एका सहीत काम होईल. ते कागद आमच्याकडून लिहून हवे होते. आम्ही लिहिले नाहीत. एक तर पोलिसांच्या कागदावर गाडी कोणी आणली होती हे आधीच आले होते, आणि दुसरे म्हणजे खोट्या गवाहीला आमच्या दीनमध्ये काय म्हटले आहे हे त्यांनाही ठाऊक होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘तो फिर सच्चा लिखो.’’ आम्ही खरे लिहिले: विक्री कधी झाली, किती पैसे दिले, नोंदणी कोणाच्या नावावर राहिली.

विकणारे गृहस्थ भले निघाले. विम्याची पॉलिसी त्यांच्याच नावावर असल्याने दावाही त्यांनीच करायचा होता. निरोप मिळताच ते स्वतः आले, कपाटात राहिलेली गाडीची दुसरी चावी घेऊन. ही दुसरी चावी फार मोलाची. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एकच दिली तर चावी गाडीतच ठेवली होती का, असा संशय घेते. त्यांनी दाव्यावर सही केली, आणि जी रक्कम येईल ती अमानत म्हणून घेणाऱ्याला देईन, असे मुद्रांक कागदावर लिहूनही दिले. तसे केले नसते तर त्यांना कोणी काही करू शकले नसते, निदान लवकर तरी नाही.

चार महिन्यांनी कंपनीचे पत्र आले. विमाधारकाने गाडी विकली आहे, म्हणून त्याचे नुकसान नाही. घेणाऱ्याचा आमच्याशी करार नाही, म्हणून त्याचा हक्क नाही. गाडी गेली हे सर्वांना मान्य, हप्ता मिळाला हेही मान्य, आणि पैसे मात्र दोघांपैकी कोणालाच नाहीत.

या पत्राला उत्तर आहे. सुरेंद्रकुमार भिलावे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले की विक्रीचा करार झाला तरी नोंदणी बदलेपर्यंत नोंदणीकृत मालक हाच मालक, आणि त्याचा दावा कंपनीला नाकारता येत नाही. ते प्रकरण मालमोटारीच्या अपघाताचे होते, चोरीचे नाही, पण मुद्दा तोच. त्याच्या आधारे वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि सध्या ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. तारखा पडत आहेत. शेजारी सध्या मुलाच्या मोटारसायकलवर गावे करतात, फ्रीज उचलून आणायचा असेल तर ऑटो लावतात.

चोरी झालीच तर पहिली धाव पोलिसांकडे. आरसी हातात नाही म्हणून थांबू नये. गाडीचा क्रमांक मोबाईलमधल्या डिजिलॉकरवर किंवा जुन्या विम्यावर सापडतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. कंपनीलाही लगेच कळवावे. उशीर झालाच तर मात्र हात टेकू नयेत. जालंधरकडच्या गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला. पोलिसांत त्याच दिवशी नोंद झाली, कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. तेवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल जानेवारी २०२० मध्ये लागला. आरटीओलाही चोरीचे लेखी कळवावे, म्हणजे गाडी कोणाच्या नावावर करता येणार नाही. सह्या केलेले फॉर्म गाडीत असतील तर हे त्याच दिवशी करावे. पुढे तपास लागला नाही की पोलीस ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, पण चोर आणि माल मिळाला नाही. न्यायालयाने ती मान्य केल्याचा कागद आल्याशिवाय बहुतेक कंपन्या पैसे सोडत नाहीत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा हिस्सा आधी कापला जातो.

आता अब्बांच्या नावावरच्या गाड्या. नोंदणी असलेला माणूस वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. विमाही तीन महिनेच टिकतो, किंवा त्याची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच. त्यानंतर अब्बांच्या नावाने हप्ते भरत राहणे म्हणजे पैसे पाण्यात.

या कामात सगळ्या वारसांची संमती लागते, आणि आमच्या घराघरांत गाडी अडते ती इथेच. बहिणीला फोन करून सही मागतात; गाडी तर्क्यात येते आणि त्यात तिचा हिस्सा आहे, हे सांगत नाहीत. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, सूरह बकराची २८२ वी. ती सांगणारे लोकही बहिणीच्या सहीखाली रक्कम लिहायला विसरतात.

आमच्या वालिदांची गाडी राहिली तेव्हा आम्ही आधी दोन गॅरेजवाल्यांकडून किंमत काढली. २ लाख ४० हजार ठरली. कर्ज नव्हते, वसीयत नव्हती. अम्मींचा आठवा हिस्सा ३० हजार. राहिले २ लाख १० हजार. दोन भाऊ, दोन बहिणी, म्हणजे बहिणींना ३५-३५ हजार आणि भावांना ७०-७० हजार. गाडी धाकट्या भावाला हवी होती, त्याने बाकीच्यांचे पैसे द्यायचे ठरले. मोठ्या बहिणीने घेतले नाहीत, तसे स्वतःच्या हाताने लिहून दिले. धाकटीने घेतले, तिला मुलीच्या फीसाठी हवेच होते. वाशिमच्या आरटीओत नमुना ३१ जमा झाला तेव्हा तीन महिने पुरे व्हायला नऊ दिवस बाकी होते.