दुसऱ्याच्या वतीने

दिवसभर दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस रात्री घरी परतल्यावर कोणत्या आवाजात बोलत असेल? वकिलाबद्दल हा प्रश्न पडतो तसाच राजदूताबद्दलही. आणि दोन्ही झालेल्या, मध्ये कितीतरी वर्षं न्यायासनावरही बसलेल्या माणसाबद्दल तर तो पिच्छाच सोडत नाही. माझ्यामागे तो महंमदअली करीम छागलांनी लावला.

मुंबई हायकोर्टाच्या दगडाला पावसात वेगळाच काळेपणा चढतो. ओव्हलवरून ओल्या गवताचा वास येतो, टोकदार कमानींतून आत शिरलेला उजेड जिन्यावर उतरेपर्यंत मळकट होतो, आणि काळे कोट, पांढरे बँड, फायलींच्या फिती, छत्र्यांचं टपटपणारं पाणी अशी सगळी लगबग अंगावरून वाहत राहते. त्या गर्दीत 1922 साली ऑक्सफर्डमध्ये शिकून, बॅरिस्टर होऊन परतलेला, याच शहरात जन्मलेला एक तरुण कुठल्याशा खांबाला टेकून उभा असावा, असं मला उगाच वाटत राहतं.

ब्रीफ सहजी येत नसत.

तो शिकला जिनांच्या चेंबरमध्ये. आज हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, पण ते जिना अजून फाळणीचे जिना झाले नव्हते. 1908 साली टिळकांच्या जामिनासाठी याच इमारतीत ते उभे राहिले होते, आणि 1916 साली टिळकांची बाजू मांडून त्यांना सोडवूनही आणलं होतं. पुढे भावी राज्यघटनेच्या नेहरू अहवालावरून गुरू-शिष्यांत फट पडली आणि वाटा वेगळ्या झाल्या. ज्याच्याकडून युक्तिवादाची लय घेतली, वाक्य कुठे थांबवायचं ते घेतलं, त्याचा निष्कर्ष मात्र नाकारायचा. गळ्यात गुरूचे सूर आणि ओठांवर स्वतःची चीज, असं ते गाणं असणार.

1941 साली छागला न्यायाधीश झाले, 1947 साली मुख्य न्यायाधीश. वकिलाला न्यायासन म्हणजे मौनाची दीक्षाच. 1956 साली हायकोर्टातल्या सेंट्रल कोर्टाबाहेर टिळकांचे शब्द कोरलेली शिला त्यांनीच उघडली. ज्या दालनात 1908 साली आरोपी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, त्याच्या दाराशी त्याचं उत्तर लावायचं, आणि तेही त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशानं. हा प्रसंग मी मनात पुन्हापुन्हा पाहतो. तिथे कुणी कुणाची बाजू मांडत नव्हतं. दगड बोलत होता.

मग 1958. वर्षाच्या सुरुवातीला, आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवरून उठलेल्या मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी लोकांसमोर, उघड्यावर केली. अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना वॉशिंग्टनला राजदूत म्हणून धाडलं. परदेशी व्यासपीठ त्यांना नवं नव्हतं. 1946 साली, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन विजयालक्ष्मी पंडितांबरोबर ते संयुक्त राष्ट्रांत गेले होते. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजमध्ये, जिथे पूर्वी लोक बर्फावर स्केटिंग करत, त्या इमारतीत आमसभा भरे. स्वतंत्रही न झालेल्या देशानं तिथे दक्षिण आफ्रिकेच्या, साम्राज्याच्या लाडक्या जनरल स्मट्सना हरवलं.

पण वॉशिंग्टन वेगळं. न्यायाधीशाला अशील नसतं. राजदूताला एकच असतं, आणि त्याचं वकीलपत्र मनात येईल तेव्हा परत करता येत नाही. सतरा वर्षं दोन्ही बाजू ऐकून स्वतःचं मत देणाऱ्या माणसानं आता दिल्लीहून आलेल्या तारेतलं मत स्वतःच्या आवाजात वाचायचं.

याच काळात त्यांची आणखी एक खुर्ची होती, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. दादरा आणि नगरहवेलीवरून पोर्तुगालनं भारताला तिथे खेचलं होतं, आणि त्या एका खटल्यापुरते भारतानं नेमलेले न्यायाधीश होते छागला. 1954 साली ज्यांनी ती गावं सोडवली त्यांत आपले सुधीर फडके होते. आमच्या घरातल्या रेडिओवर रोज गाणारा तो आवाज. युरोपातल्या त्या महालात पेशव्यांचा 1779 सालचा तह पुराव्याला आला, आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला तो महसूल, सत्ता नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. 1960 च्या निकालात सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही, माणसं आणि माल नेण्याचा मात्र होता असं ठरलं. छागलांनी आपलं भिन्न मत स्वतंत्र नोंदवलं. एकाच वर्षात राजदूत आणि न्यायाधीश! तराजू आणि पारड्यातलं वजन एकाच माणसानं कसं व्हायचं? मला हे आजही पुरतं पटलेलं नाही. रिवाज मात्र तसा होता, आणि समोर पोर्तुगालचाही माणूस बसला होता.

लंडनची उच्चायुक्तपदाची दीड वर्षं मी भराभर ओलांडतो. चीनच्या युद्धाचं धुकं तिथेही होतंच. माझं मन थांबतं ते 1964 च्या फेब्रुवारीत, सुरक्षा परिषदेच्या नालेच्या आकाराच्या टेबलाशी. काश्मीरवर पाकिस्तानकडून झुल्फिकार अली भुट्टो, भारताकडून तोवर शिक्षणमंत्री झालेले छागला. भुट्टो मुंबईच्या कॅथेड्रल शाळेतले, छागला सेंट झेवियर्सचे. दोघेही बॅरिस्टर. एकाच समुद्राचा वारा नाकात भरून वाढलेले दोघे हडसनच्या काठच्या त्या शहरात एकमेकांना खोडत होते, आणि तिथे नसलेला तिसरा बॅरिस्टर, पंधरा वर्षांपूर्वी गेलेला, दोघांच्याही मधोमध बसला होता. जिनांच्या राष्ट्राविरुद्ध जिनांचाच ज्युनियर उभा होता. त्या क्षणी छागलांना ते जुनं चेंबर, त्यातला शाईचा वास, पान उलटतानाची ती शांतता आठवली असेल का?

1967 साली ते परराष्ट्रमंत्री होते. शिक्षणाच्या माध्यमाचं सरकारी धोरण पटेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. परदेशाशी ज्याचा संबंध नाही अशा प्रश्नावर परराष्ट्रमंत्र्यानं पायउतार व्हावं, हे मला त्यांच्या सगळ्या भाषणांहून जास्त त्यांचं वाटतं.

आणि मग साठी उलटलेले हे गृहस्थ पुन्हा काळा गाऊन चढवून सुप्रीम कोर्टात वकिली करू लागले. तिथे तेव्हा न्यायमूर्तींत जे. सी. शहा होते, मुंबईत छागला मुख्य न्यायाधीश असताना त्यांच्या हाताखाली बसलेले. आता ‘माय लॉर्ड’ म्हणायची पाळी छागलांची होती.